मुलुखमैदान तोफेपासून अणुबाँबपर्यंत

विजापूरच्या शेरझा बुरुजावर मुलुखमैदान ही प्रचंड तोफ आहे. सुमारे ५५ टन वजनाची ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, ओतण्यात आली. अशा तोफेचा गोळा मोठा अनर्थ करी. परंतु तो पडे तेवढ्याच जागी. तोफ थंडावली की शेतकरी त्याच रानात पुन्हा नांगर धरू शकत असे.

विसाव्या शतकात मात्र निराळ्या जातीची शस्त्रे निर्माण झाली. सैनिक आणि तान्हे मूल असा भेद न करता जी एकाच वेळी हजारो जीवांचा घात करू शकतात, त्यांना सर्वसंहारक शस्त्रे म्हणतात. त्यांचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला प्रकार रासायनिक शस्त्रांचा. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे शत्रूवर क्लोरीन वायू सोडण्यात आला, तेव्हा श्वास घेणेच सैनिकांच्या मृत्यूस कारण झाले. दुसरा प्रकार जैविक शस्त्रांचा. यांत रोगजंतू हेतुपुरस्सर पसरवितात. पण एकदा सुटलेली साथ ती सोडणाऱ्याच्या घरीही शिरू शकते. तिसरा प्रकार अण्वस्त्रांचा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर एकच अणुबाँब पडला आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मृत्यू पावली. जी वाचली, त्यांपैकी कित्येकांना किरणोत्सर्गामुळे पुढे कर्करोगासारखे रोग जडले.

हा धोका केवळ लढणाऱ्या राष्ट्रांनाच आहे काय? तसे नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी येथे हायड्रोजन बाँबची चाचणी केली. दूर अंतरावर मासे धरणाऱ्या एका जपानी नौकेवर किरणोत्सर्गी राख पडली व तीवरील २३ कोळी आजारी पडले. त्यांचे कोणाशीही युद्ध नव्हते. परंतु वारा सीमा जाणत नाही.

त्या वेळी पंडित नेहरू भारताचे पंतप्रधान होते. १९४२ ते १९४५ या काळात ते अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात होते. २ एप्रिल १९५४ रोजी त्यांनी लोकसभेत अशा चाचण्या थांबविण्याचे आवाहन केले. पुढे १९६३ मध्ये हवेत, पाण्याखाली व अंतराळात चाचण्या करण्यास बंदी घालणारा करार झाला.

१९९७ मध्ये रासायनिक शस्त्रांवरील बंदीचा करार अमलात आला. भारताने आपला साठा २००९ मध्ये नष्ट केला आणि २०२३ मध्ये करारातील राष्ट्रांनी जाहीर केलेला सारा साठा संपला. अण्वस्त्रे मात्र अजून बारा हजारांहून अधिक आहेत. ती नऊ देशांपाशी असून त्यांत भारतही आहे. ती प्रथम न वापरण्याचे धोरण भारताने जाहीर केले आहे.

जी शस्त्रे माणसाने घडविली, ती तो मोडूही शकतो, हे रासायनिक शस्त्रांच्या बाबतीत दिसून आले. अण्वस्त्रांच्या बाबतीत ते काम अद्याप व्हावयाचे आहे, आणि त्यासाठी राष्ट्राराष्ट्रांतील परस्परविश्वास हवा.