पाणीवाल्या बाईंचा पाठपुरावा

सोनपेठ तालुक्यातल्या खडका गावाजवळ गोदावरीवर बंधारा आहे. तिथलं पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. 2015 साली पावसानं दगा दिला आणि पाण्याअभावी वीज केंद्रच बंद ठेवावं लागलं. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणण्याची पाळी आली. पाणी आधी कुणाला आणि कुणाच्या हुकमावरून, हा प्रश्न मराठवाड्याला दर दुष्काळात नव्यानं पडतो. मुंबईच्या एका उपनगरात साठ वर्षांपूर्वी एका बाईनं हाच प्रश्न लावून धरला. इतका, की लोकांनी तिचं नावच ‘पाणीवाली बाई’ ठेवलं. त्या मृणाल गोरे.

मृणालताईंचा जन्म 24 जून 1928 चा. माहेरचं आडनाव मोहिले. डॉक्टर होण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या खऱ्या, पण राष्ट्र सेवा दलाच्या कामानं असं ओढून घेतलं की शिक्षण अर्ध्यावर सुटलं. बेचाळीसच्या चळवळीतले समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. गोरेगाव तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेरचं, ग्रामपंचायत असलेलं गाव होतं. दोघांनी तिथं बिऱ्हाड थाटलं आणि कामाला सुरुवात केली. 1958 साली बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी, वय अवघं तीस. अशा वेळी घरात बसणं कुणालाही समजण्यासारखं होतं. मृणालताई बसल्या नाहीत. पतीच्या नावानं उभा राहिलेला केशव गोरे स्मारक ट्रस्ट पुढं गोरेगावातल्या सगळ्या चळवळींचं हक्काचं ठिकाण झाला.

1961 साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. गोरेगाव मुंबईत आलं होतं, पण मुंबईचं पाणी काही गोरेगावात पुरेसं आलं नव्हतं. कामगारांच्या चाळी आणि झोपड्या वाढत होत्या आणि नळावर बायकांच्या रांगा लागत होत्या. मृणालताईंनी या बायकांनाच हंडे-कळशा घेऊन रस्त्यावर आणलं. मोर्चा संपला की त्या स्वतः अर्ज, निवेदनं आणि सभागृहातले प्रश्न हातात घेऊन अधिकाऱ्यांच्या मागं लागत. नळाला पाणी येईपर्यंत सोडत नसत. मोर्चा काढणारे पुढारी तेव्हाही पुष्कळ होते. मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत हजर राहणारे थोडे. बाईंचा लोकांना जो लळा लागला, त्याचं मूळ या दुसऱ्या दिवसात आहे, असं मला वाटतं.

1972 साली त्या विधानसभेत गेल्या आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर दुष्काळ कोसळला. आमच्या मराठवाड्यातल्या बाया तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. मुंबईत तेल, साखर, रॉकेल दुकानातून गायब होत होतं. मृणालताई, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते, कमल देसाई अशा समाजवादी आणि कम्युनिस्ट बाया एरवीचे मतभेद बाजूला ठेवून एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली.

या आंदोलनाची हत्यारं पाहण्यासारखी आहेत. ठरल्या वेळी घराघरातून थाळ्या बडवायच्या, म्हणजे मोर्चाला न येऊ शकणारी सूनही आपल्या खिडकीत उभी राहून सामील होई. रस्त्यावर उतरायचं ते हातात लाटणं घेऊन. झेंडा हातात धरायला जी बाई बिचकली असती, तिला लाटणं धरायला कुणी शिकवावं लागलं नाही. शिवाय पोळीला तेल नाही हे सांगायला लाटण्याहून बोलका फलक कोणता? मंत्र्यांना घेराव पडू लागले. स्वयंपाकघरातला हिशेब हा राज्याच्या अर्थसंकल्पाइतकाच राजकारणाचा विषय आहे, हे महाराष्ट्राला त्या बायकांनी पटवून दिलं.

आणीबाणीत मृणालताई भूमिगत झाल्या. पकडल्यावर त्यांना अकोल्याच्या तुरुंगात ठेवलं गेलं. 1977 च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर निवडून आल्या, इंदिरा गांधी हरल्या आणि मुंबईत घोषणा घुमली, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’. तीन वर्षांत दिल्लीवाल्या बाई पुन्हा दिल्लीत पोचल्या आणि जनता पक्ष फुटला, हाही इतिहासच. मृणालताई मात्र पक्षाच्या पडझडीत कामाचा धागा सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. 1983 मध्ये अडचणीतल्या स्त्रियांसाठी त्यांनी ‘स्वाधार’ सुरू केलं. पुढं विधानसभेत काही काळ विरोधी पक्षनेतेपद सांभाळलं.

ऐंशीच्या दशकातली त्यांची दोन कामं नीट समजून घ्यावीत अशी आहेत. पहिलं घरांचं. 1976 च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्यानं शहरातली जादा जमीन सरकारजमा होऊन सामान्यांच्या घरांना मिळायची होती. प्रत्यक्षात कायद्यातल्या सवलतींच्या वाटेनं ती बिल्डरांकडं जाऊ लागली. मृणालताई, बाबूराव सामंत आणि सहकाऱ्यांनी ‘नागरी निवारा परिषद’ स्थापन केली. मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि गोरेगावच्या दिंडोशीत जमीन मिळवून सहा हजारांहून अधिक घरं उभी केली. एवढा मोठा गृहप्रकल्प एका जनआंदोलनानं उभारल्याचं उदाहरण आजही विरळा आहे.

दुसरं काम गर्भलिंगनिदानाविरुद्धचं. गर्भजलाच्या तपासणीतून मुलगा की मुलगी कळू लागलं आणि शहरांत त्याचा उघड धंदा सुरू झाला. आज पाचशे खर्च करा, उद्याचे पाच लाख वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागत. तो उद्याचा खर्च म्हणजे हुंडा, हे सांगायची गरज नव्हती. स्त्री संघटनांनी आवाज उठवला. मृणालताईंनी 1986 मध्ये विधिमंडळात अशासकीय विधेयक मांडलं. 1988 साली महाराष्ट्रात बंदीचा कायदा झाला. देशातला असा तो पहिला कायदा. केंद्रानं 1994 साली तसा कायदा केला.

कायद्यानं काम संपत नाही, हेही आपल्या भागानं पाहिलं. सोनपेठपासून जवळच असलेल्या परळीत 2012 च्या मे महिन्यात एका दवाखान्यात गर्भपाताच्या वेळी महिलेचा मृत्यू झाला आणि गर्भलिंगनिदान करून होणाऱ्या बेकायदा गर्भपातांचा प्रकार चव्हाट्यावर आला. त्याच वर्षी 17 जुलैला वसईत मृणालताई गेल्या. वय 84. कायदा करून घेणारी बाई गेली आणि तो पाळला जातो की नाही हे बघायचं काम मागं राहिलं.

त्यांच्या नावानं आज गोरेगावात उड्डाणपूल आहे. त्या कधी मंत्री झाल्या नाहीत. ज्या समाजवादी पक्षात त्या घडल्या, तो फुटून-जुळून अखेर विरून गेला. सत्तेचा हिशेब मांडला तर खात्यात फारसं काही दिसणार नाही. पण दिंडोशीतली घरं, कायद्याच्या पुस्तकातलं पान, स्वाधारचं दार हे सगळं जागेवर आहे. माणूस मोठा होता की नाही हे ठरवताना त्याला काय मिळालं यापेक्षा त्यानं काय तडीस नेलं ते पाहावं. या मापानं मृणालताई त्यांच्या काळातल्या अनेक मुख्यमंत्र्यांहून मोठ्या ठरतात.

ही मुंबईची गोष्ट, आपल्याकडं तिचा काय उपयोग, असं कुणी म्हणेल. आपल्याकडं तर साधन आयतं आहे. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक वेळा ती सह्यांपुरती उरते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं आरोग्य, मागं राहणाऱ्या लेकरांची शाळा, उन्हाळ्यातला टँकर यांतला एक विषय तिथं मांडता येतो. 2028 साली मृणालताईंची जन्मशताब्दी येते आहे. त्यांच्या फोटोला हार घालायचा तर जरूर घाला. पण त्याआधी गावातल्या एका प्रश्नाचा ठराव महिला सभेच्या प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या, त्याची नक्कल मागा आणि पुढच्या सभेत उभं राहून विचारा, त्याचं काय झालं?