आईच्या हातची आमटी

निपाणीस आमच्या घरी तंबाखूच्या हंगामातही सूर्यास्तानंतर चूल पेटत नसे. वखारीतून मंडळी दिवस असतानाच जेवावयास येत. आईचे माहेर भोज, आचार्य शांतिसागर महाराजांचे (१८७२–१९५५) गाव. कांदा-लसणावाचून, केवळ हिंग, जिरे व सुक्या खोबऱ्यावर तिची मुगाची आमटी अशी खमंग होई की पाहुणे पुन्हा मागून घेत.

मी बेळगावास शिकावयास निघालो, तेव्हा तिने आधी पाणी गाळावयास शिकविले, मग भाकरी. जोंधळ्याचे पीठ जुने म्हणून आधणाचे पाणी घातले, तरी माझी पहिली भाकरी फाटलीच. "फाटू दे रे, पोटात गेल्यावर कोण बघतंय!"

बेळगावी पहिल्याच संध्याकाळी स्टोव्हशी झटता झटता दिवस मावळला. रात्र उपाशी काढली. आईस मात्र पत्रात 'जेवलो' असे लिहिले.