दोन वेगांचा गिअरबॉक्स : यंत्रमानवाचा आणि आपल्या ट्रॅक्टरचा



वारज्याहून चांदणी चौकाचा चढ चढून महामार्ग पुढे बालेवाडीला जातो. तिथल्या क्रीडासंकुलात २००८ आणि २०१४ साली आशियाई 'रोबोकॉन' भरली होती. इंजिनिअरिंगच्या पोरापोरींनी बनविलेल्या यंत्रमानवांची ही स्पर्धा. २००८ चा खेळ तर आपल्या दहीहंडीवरच बेतलेला!

अमेरिकेत १९९२ पासून चालत आलेल्या 'फर्स्ट' स्पर्धेत यंत्रमानवाला धावायचेही असते आणि समोरच्याला रेटायचेही असते. म्हणून बरेच संघ दोन वेगांचा गिअरबॉक्स बसवतात. आपल्या ट्रॅक्टरचा हाय-लो दांडा म्हणजे तेच तत्त्व.

हिशेब सोपा आहे. समजा, एका शाफ्टवर १८ आणि ३६ दात्यांची चक्रे आहेत, दुसऱ्यावर ५४ आणि ३६ दात्यांची. दात एकाच मापाचे आणि शाफ्टमधले अंतर एकच, म्हणून दोन्ही जोड्यांची बेरीज ७२ च आली पाहिजे. पहिला शाफ्ट मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर एका जोडीवर चाक २०० फेरे घेते, दुसरीवर ६००. दहा सेंटिमीटर व्यासाचे चाक मग सेकंदाला सुमारे १ मीटर तरी जाते, नाहीतर ३ मीटर. वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला की जोर, घर्षणाची घट सोडून, तिप्पट होतो. मात्र चाकाची पकडच सुटली तर हा जोर वाया जातो. चिखलात जागीच फिरणारे चाक आपण पाहतोच.

आता मुद्द्याचे. गिअर बदलताना मधली दातेरी कडी एका जोडीतून सुटून दुसरीत अडकते. मधला क्षण न्यूट्रलचा. यंत्रमानव हलका, मैदान सपाट, म्हणून त्याला धावताना गिअर बदलणे परवडते. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या उतारावर मागून रेटत असताना तोच क्षण जिवावर बेतू शकतो. इंजिनचा रोध सुटतो, वेग वाढतो, दांडा परत पडत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

म्हणून घाट वा उतार लागण्याआधीच थांबून लो गिअर टाकावा. डिझेल वाचते म्हणून न्यूट्रल करू नये, उतारात क्लच दाबून ठेवू नये. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडलेलीच असावीत.

अंक वाचून झाला की ट्रॅक्टर चालविणाऱ्याच्या हाती द्यावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी