बंद गिरणीची जमीन आणि शहराची तिजोरी

इंदूरमध्ये रिक्षावाल्यास ‘मालवा मिल’ एवढे सांगितले की तो बिनचूक त्या चौकात नेऊन सोडतो. मात्र तेथे गिरणीचा भोंगा ऐकू येईल अशी अपेक्षा कोणी करू नये. गिरण्या गेल्या, नावे तेवढी राहिली. त्याच शहरातील हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली. भर वस्तीतील तिची सुमारे साडेबेचाळीस एकर जमीन त्यानंतर तीन दशके पडून राहिली. जागा एवढी मोलाची, मग ती कोणी घेतली कशी नाही, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहज येईल.

त्याचे कारण असे की, अशा जमिनीला केवळ भिंती चिकटलेल्या नसतात. देणीही चिकटलेली असतात. कामगारांचे वेतन थकलेले, बँकांचे कर्ज तटलेले आणि मालकी हक्काचा वाद न्यायालयात. कंपनी कायद्यात १९८५ साली झालेल्या दुरुस्तीने कामगारांच्या देण्याला तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँकांच्या बरोबरीचे स्थान दिले, ही गोष्ट न्यायाचीच झाली. परंतु हक्क आणि हातात पडणारा पैसा यांत फार अंतर असते. लिलाव पुकारावा, तर हक्क स्पष्ट नसलेल्या जागेला योग्य भाव देणारे गिऱ्हाईक येत नाही. भाव येत नाही म्हणून देणी फिटत नाहीत. आणि देणी फिटत नाहीत म्हणून हक्क स्पष्ट होत नाही! हे चक्र कोठेतरी तोडावयाचे, तर आधी कोणीतरी पदरचा पैसा घालावा लागतो. तो नगराने कोठून आणावा?

कर्जरोखे हा एक मार्ग. इंदूर महानगरपालिकेने २०२३ साली २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे लोकांस विक्रीस काढले, तेव्हा मागणी त्याहून कितीतरी अधिक आली. पण तो पैसा सौर विद्युत्केंद्रासाठी होता. त्या केंद्रामुळे पाणी उपसण्याच्या विजेत दरमहा सुमारे चार कोटी रुपये वाचतील, असा हिशेब दाखविता येत होता. पडीक जमिनीचे तसे नसते. तिच्यावर इमारती उठून उत्पन्न सुरू होण्यास वर्षे जातात, आणि रोख्यांचे व्याज मात्र थांबत नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९५२ साली यावर एक युक्ती काढली. समजा, मोडकळीस आलेल्या एका भागातून वर्षाला एक लाख रुपये कर येतो. सुधारणा झाल्यावर तोच दहा लाख होईल. मग वाढलेले नऊ लाख ठराविक वर्षे बाजूला ठेवून त्यांतून सुधारणेचे कर्ज फेडावयाचे. जुन्या एका लाखास हात लावावयाचा नाही. ही पद्धत तेथील अनेक राज्यांनी उचलली. तथापि तिच्यात एक मेख आहे. त्या नऊ लाखांतील काही वाटा एरवी शाळांना मिळाला असता. शिवाय जी जागा आपोआपच सुधारली असती, तीही ‘मोडकळीस आलेली’ ठरविण्याचा मोह नगरांना होतो. खुद्द कॅलिफोर्नियाने २०१२ साली ही कामे करणाऱ्या संस्था बंद केल्या.

मुंबईने निराळी वाट धरली. १९९१च्या नियमानुसार गिरणीमालकाने जमीन विकसित करावी. मात्र एक तृतीयांश जागा मोकळी ठेवण्यासाठी महापालिकेस व एक तृतीयांश घरांसाठी द्यावी, असे ठरले. तिजोरीतून दमडी न काढता शहराला बागा व घरे मिळावयाची! २००१ साली नियमात बदल झाला आणि हा हिस्सा गिरणीच्या केवळ रिकाम्या जमिनीवर मोजला जाऊ लागला. बांधकामाखालची जमीन हिशेबातून गळली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो बदल ग्राह्य धरला. शहराच्या वाट्याला आले ते अगदी थोडे. एका शब्दाच्या व्याख्येने किती एकर इकडचे तिकडे होतात, हे पाहावयाचे असल्यास परळच्या उंच इमारतींकडे पाहावे.

इंदूरचा प्रश्न अखेर सरकारने आपल्या खांद्यावर घेतल्याने सुटला. मध्य प्रदेश शासनाने देणी आगाऊ चुकवावी, जमीन ताब्यात घ्यावी आणि गृहनिर्माण मंडळाने तेथे घरे व दुकाने बांधावी, अशी तडजोड झाली. कामगार संघटना व न्यायालय यांनी तिला संमती दिली. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. सुमारे ४,८०० कामगारांच्या हक्काची ती रक्कम होती. पण तोपर्यंत कित्येक कामगार निवर्तले होते आणि पैसे घ्यावयास त्यांच्या विधवा व मुले उभी होती. बत्तीस वर्षांच्या दिरंगाईचा हा खर्च कोणत्याही जमाखर्चात मांडलेला नसतो.

आता घातलेला पैसा इमारती विकून वसूल व्हावयाचा आहे. म्हणजे जेवढे बांधकाम अधिक तेवढी वसुली लवकर. परंतु मध्यंतरीच्या काळात कोणी न लावताच तेथे दाट झाडी उगवली आहे, आणि ती राखावी अशी नागरिकांची मागणी पुढे आली आहे.