दहा केचा सेन्सर

सकाळी 8:30. पहिला फोन सदाशिव पेठेतून. फ्रीजमध्ये वर बर्फाचा डोंगर, खाली दूध नासतंय. "आधीचे दादा म्हणाले, गॅस गेलाय." गॅस हे आमच्या धंद्यातलं सर्वांत सोयीचं निदान. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही आणि बिल मोठं होतं.

10:00. प्लग काढला, फ्रीजरचं आतलं पॅनल उघडलं. कॉइल वरपासून खालपर्यंत सारखी पांढरी. गॅस कमी असता तर तिच्या थोड्याच भागावर बर्फ धरला असता, बाकी कोरडी राहिली असती. म्हणजे कूलिंग ठीक, बर्फ वितळवण्याचं काम ठप्प. वाट बुजल्यामुळे गार हवा खाली उतरत नाही.

"सुरीने खरवडू का?" काकूंनी विचारलं. अजिबात नको. कॉइल ॲल्युमिनियमची, आणि या फ्रीजमध्ये आर 600ए, म्हणजे आयसोब्युटेन. नळी फुटली तर पेट घेणारा वायू स्वयंपाकघरात. त्यापेक्षा कोमट पाण्याची फडकी, टेबलफॅन आणि धीर.

12:00. हीटर शाबूत, फ्यूज शाबूत. उरला मण्याएवढा डीफ्रॉस्ट सेन्सर. काकूंकडून पेलाभर बर्फाचं पाणी मागून त्यात बुडवला. थंडी वाढली की याचा रेझिस्टन्स वाढतो. 25 अंशांना 10 किलोओम असेल, तर शून्याला साधारण तिप्पट हवा. मीटर दाखवतोय नऊ! वायरच्या तोंडातून आत ओल शिरलीय. हीटर सुरू झाला की पीसीबीला, म्हणजे फ्रीजच्या कंट्रोल बोर्डाला, लगेच वाटतं, कॉइल तापली, बर्फ गेला. आणि तो हीटर बंद करतो.

1:30. नवा सेन्सर आणायला तपकीर गल्ली. सेन्सर मागितला की काउंटरवरून आधी प्रश्न येतो, "किती के?" म्हणजे किती किलोओमचा. पाच केचाही मिळतो, दिसायला सारखाच. तो इथे लावला तर पीसीबीच्या लेखी कॉइल कायम उबदारच. मॉडेल नंबर दाखवून दहाचा घेतला, तिथेच मोजला. दुपारच्या उकाड्यात आठच्या आसपास आला. बरोबर आहे.

3:00. परत काकूंकडे. जोडाला नुसती टेप मारणारे पुष्कळ आहेत. पुढच्या पावसाळ्यात त्यांनाच परत बोलावलं जातं. सोल्डर, स्लीव्ह, वर सिलिकॉन. क्लिप मूळच्याच नळीवर, मूळच्याच जागी.

"एवढ्याशा मण्याचे एवढे पैसे?" विचारणं रास्त आहे. मण्याचे थोडे, मजुरीचे जास्त. बिलावर दोन्ही वेगळे लिहून देतो. उद्या सकाळपर्यंत फ्रीज ठासून भरू नका, एवढं बजावलं.

6:00. कोथरूड. इथे उलटी तक्रार, खालच्या कप्प्यात कोथिंबीर गोठतेय. मालकांनी सेन्सर आधीच मागवून ठेवलाय. जुना बर्फाच्या पाण्यात धरला, आकडा चोख. हवा सोडणारी डँपरची झडप बर्फाने उघडीच अडकली होती. ती मोकळी केली आणि नवा सेन्सर त्यांना दुकानात परत करायला सांगितला.