टाकीतलं दव

नंदुरबारच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब गावी थंडीत दव गोठल्याची बातमी वर्षाआड तरी वाचायला मिळते. त्याच रात्री अंगणात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या टाकीतही दव पडत असतं. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या जागेत हवा भरलेली असते. ३० अंशांची हवा दर घनमीटरला जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ पेलते, १० अंशांची जेमतेम ९ ग्रॅम. म्हणजे दहा लिटर मोकळ्या जागेत एका रात्री फार तर चार-पाच थेंब पाणी सुटेल. किरकोळच. पण पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते ओघळून तळाशी जातं आणि वर पेट्रोलचा थर असल्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या उन्हातही उडत नाही. झाकणातलं बारीक छिद्र मात्र रोज थोडी नवी हवा आत घेतच राहतं. म्हणून गंज दोन जागी सापडतो: टाकीच्या छताला आणि कॉकच्या आसपास तळाला.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, आणि तोवर गाडी घरी उभीच. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही उसापासूनच बनलेलं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. रोज चालणाऱ्या गाडीत हा फायदाच, कारण ते थेंब पेट्रोलसोबत जळून जातात. महिनोन् महिने उभ्या गाडीत पाणी प्रमाणाबाहेर वाढलं, की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तळाशी बसतो. पत्र्याला तो नुसत्या पेट्रोलपेक्षा कितीतरी वाईट.

टाकी घरी साफ करता येते, पण तिच्याइतकं धोक्याचं भांडं घरात दुसरं नसेल. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त भयंकर. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीला स्फोट होतो, आणि नुकत्याच ओतून काढलेल्या टाकीत नेमकं हेच प्रमाण जमू शकतं. ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि लांबच्या चुलीपर्यंत पोहोचते. म्हणून काम उघड्यावर करायचं आणि टाकी आधी साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्यायची. याचा दुसराही उपयोग आहे: तेलकट थर निघाल्याशिवाय आम्ल गंजापर्यंत पोहोचत नाही.

गॅरेजात काही जण सरळ संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओततात. गंज झटपट निघतो, पण हायड्रोक्लोरिक आम्ल तिथे थांबत नाही, पत्राही खातं, आणि तो तर मिलिमीटरभरही जाड नसतो. शिवाय क्लोराइड सांध्यांच्या फटीत राहिलं की तिथून गंज पुन्हा सुरू. माझं मत किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाला, म्हणजे सायट्रिक आम्लाला. दर लिटर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम घालून टाकी काठोकाठ भरायची, रात्रभर ठेवायची. सायट्रिकचा रेणू लोहाचा अणू चिमट्यात धरल्यासारखा पकडतो आणि विरघळलेलाच ठेवतो. पाणी आधी पिवळट, मग हिरवट-तपकिरी होतं. गंज संपल्यावरही बारीक बुडबुडे येत राहिले तर आम्ल आता चांगल्या लोखंडाला लागलंय. लगेच ओतून टाकायचं. रंगावर सांडलं तर डाग पडतो, तेवढं सांभाळावं. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून उरलेलं आम्ल मारायचं आणि स्वच्छ पाण्याने धुवायचं.

खरी घाई इथून पुढे. उघडा पडलेला ओला पत्रा बघता बघता पुन्हा नारिंगी होतो. मे महिन्यातलं नंदुरबारचं ऊन इथे कामाला येतं. मिरची वाळवायच्या पथारीवर टिकत नाही तो ओलावा टाकीतही टिकत नाही. पावसाळ्यात हे काम काढूच नये. वाळताना गंज धरू नये म्हणून शेवटी सौम्य फॉस्फोरिक आम्ल फिरवतात. लोखंडावर त्याने लोह-फॉस्फेटचा राखाडी थर बसतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर टिकला त्याचं श्रेय आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी अशाच फॉस्फेटच्या थराला दिलं होतं. त्या जुन्या लोखंडातच फॉस्फरस भरपूर होता. आपल्या पत्र्याला तो बाहेरून द्यावा लागतो, आणि थरही फार पातळ बसतो.

आतून लेप देण्याची घाई मात्र करू नये. दोन डब्यांचा इपॉक्सी लेप चांगला, पण फक्त कोरड्या आणि गंजमुक्त पत्र्यावर. घाईत दिलेला लेप पापुद्र्यांनी सुटतो आणि ते पापुद्रे कॉकमध्ये अडकतात. तो त्रास गंजापेक्षा मोठा, कारण बसलेला लेप काढणं फार अवघड जातं. सुईच्या टोकाएवढी गळती असेल तरच लेपाचा विचार करावा, आणि डब्यावर इथेनॉल चालतं असं लिहिलेलं बघून घ्यावं. काही जुन्या प्रकारचे लेप अल्कोहोलात मऊ पडतात. भोक मोठं असेल तर टाकी बदलावी. वेल्डिंगच्या वाटेला घरी जाऊ नये.

साफ केलेली टाकी बसवताना कॉक आणि कार्बोरेटरच्या मध्ये पारदर्शक फिल्टर घालावा. सुरुवातीला तो तपकिरी होईल, बदलत राहावा. आणि पुढच्या वेळी बाहेरगावी निघताना टाकी जवळजवळ भरून ठेवावी. तेवढे पैसे हाताशी नसतील तर पूर्ण रिकामी करून, कार्बोरेटरही सुकवून, आत अर्धी वाटी इंजिन ऑइल सगळीकडे फिरवलं तरी भागतं. परतल्यावर ते तेल काढून थोड्या पेट्रोलने टाकी धुवायची.