पोर्टातून येणारा झटका

‘यूएसबी किलर’ हे पेनड्राइव्हसारखे दिसणारे, पण एकही फाइल न साठवणारे उपकरण आहे. ते संगणकाच्या पोर्टात खोचले की पोर्टाकडून मिळणाऱ्या ५ व्होल्टवर त्याच्या आतले कपॅसिटर भरू लागतात. दाब २०० व्होल्टच्या आसपास पोचला की साठलेली वीज त्याच पोर्टाच्या डेटा तारांत सोडली जाते. लगेच कपॅसिटर पुन्हा भरतात. हे चक्र सेकंदाला अनेकदा फिरते आणि बहुतेक मदरबोर्ड काही क्षणांतच निकामी होतात. ‘डार्क पर्पल’ या टोपणनावाच्या रशियन तंत्रज्ञाने २०१५ मध्ये ही रचना जगापुढे आणली. पुढच्याच वर्षी ती चाचणीचे साधन म्हणून विकायला निघाली. नंतरच्या आवृत्त्यांत स्वतःची बॅटरीही आली, त्यामुळे बंद संगणकही सुरक्षित राहिला नाही.

यूएसबी २.० च्या पोर्टात चार पिना असतात: एक ५ व्होल्टची, एक ग्राउंडची आणि दोन डेटाच्या. डेटाच्या तारांवर फार तर ३.३ व्होल्ट खेळतात आणि त्या जवळजवळ थेट मुख्य चिपपर्यंत जातात. वाटेत संरक्षक डायोड असतात, पण ते कोरड्या हवेत बोटातून उडणाऱ्या ठिणगीसाठी बसवलेले असतात. त्या ठिणगीची प्रमाणित चाचणी ८,००० व्होल्टची असली, तरी तिच्यातला कपॅसिटर अवघा १५० पिकोफॅरॅडचा असतो. एवढ्यात जेमतेम ५ मिलिज्यूल ऊर्जा मावते, तीही नॅनोसेकंदांत संपते. किलरमधील कपॅसिटरची क्षमता याच्या हजारो पट असते आणि मारा थांबत नाही. डायोड तापून फुटतो, मग चिपची पाळी येते.

यवतमाळसारख्या जिल्ह्याला हा प्रश्न दूरचा वाटू नये. सोळा तालुक्यांतील आपले सरकार सेवा केंद्रे, सेतू, ग्रामपंचायतींचे संगणक, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आणि बसस्थानकाजवळची झेरॉक्सची दुकाने, या सगळ्या जागी अनोळखी माणसाचा पेनड्राइव्ह घेणे हे रोजचे काम आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविम्याचा अर्ज, प्रवेशाचे फॉर्म यांच्या हंगामात काउंटरवर रांग लागते तेव्हा कोण काय खोचतो हे पाहायला कुणाला उसंत नसते. पुसद किंवा वणीच्या केंद्रातला एकुलता संगणक बंद पडला तर अनेक गावांची कामे अडतात. म्हणून या धोक्याचे वजन यंत्राच्या किमतीवरून ठरवणे चुकीचे आहे.

विजेच्या त्रासाला हा जिल्हा नवखा नाही. डीपीवर न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टच्या जागी घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब चढतो, पावसाळ्यात विजा पडतात. म्हणून इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, स्पाइक गार्ड जागोजागी दिसतात. अर्थिंगकडे मात्र दुर्लक्ष होते. इथली काळी कापसाची जमीन ओली असताना वीज उत्तम वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि इलेक्ट्रोडभोवती पोकळी पडते. मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात नियमाने पाणी घालायला हवे. ही काळजी घ्यावीच, मात्र किलरपुढे तिचा काहीही उपयोग नाही. ही सगळी साधने भिंतीच्या सॉकेटकडून येणारा झटका अडवतात. किलर सॉकेटला शिवतच नाही. त्याचा झटका संगणकाच्या स्वतःच्या ग्राउंडच्या तुलनेत, आतल्या आत बसतो.

नुकसान किती होऊ शकते, हे अमेरिकेतील ऑल्बनी शहरात दिसले. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी एका भारतीय माजी विद्यार्थ्याने तिथल्या कॉलेज ऑफ सेंट रोझमध्ये असे उपकरण खोचून ६६ संगणक आणि काही इतर यंत्रे जाळली. त्याने स्वतःच त्याचे चित्रीकरण केले होते. त्याला १२ महिन्यांची कैद झाली आणि ५८,४७१ डॉलर भरपाई द्यावी लागली.

खरा उपाय म्हणजे डेटाच्या वाटेत धातूचा अखंड मार्गच न ठेवणे. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीची ‘एडीयूएम४१६०’ ही चिप चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरांतून संकेत पलीकडे पाठवते आणि ५,००० व्होल्टपर्यंतचा अडसर उभा करते. वीजपुरवठाही वेगळा केलेला असेल तरच तो अडसर खरा. तिचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट. पीडीएफला तो पुरतो, मोठ्या व्हिडिओला नाही. नेटवर्कच्या केबलीला असे संरक्षण जन्मतःच मिळालेले असते: इथरनेटच्या प्रत्येक पोर्टात ट्रान्सफॉर्मर असतो आणि मानकानुसार त्याने १,५०० व्होल्ट सोसले पाहिजेत. यूएसबी मात्र टेबलावरच्या छोट्या, स्वस्त जोडणीसाठी जन्मली, म्हणून तिला हे कवच मिळाले नाही.

याच फरकातून छोट्या केंद्राला परवडणारी व्यवस्था निघते. एक जुना संगणक फक्त पेनड्राइव्ह घेण्यासाठी काउंटरवर ठेवावा आणि त्यातल्या फाइली नेटवर्कने मुख्य यंत्राकडे न्याव्यात. जळलाच तर तो एकटा जळेल. मुख्य यंत्राचा कॅबिनेट लोकांच्या हाताबाहेर, कुलपात ठेवावा. त्याच्या पुढच्या बाजूच्या पोर्टांची केबल मदरबोर्डवरून उपटून टाकावी. ही पाच मिनिटांची, बिनखर्चाची कृती महागड्या उपकरणांइतकीच मोलाची आहे आणि सर्वात जास्त दुर्लक्षितही तीच आहे. थंब मशीन आणि प्रिंटर मागच्या पोर्टांना जोडून केबली पक्क्या बांधाव्यात. कागद ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले तर पेनड्राइव्हची गरजच उरत नाही. मध्ये साधा हब लावून निश्चिंत होऊ नये: कधी तो एकटाच जळतो, कधी झटका पुढेही जातो.

सॉफ्टवेअरचा इथे इलाज नाही. अँटिव्हायरस फाइल वाचतो आणि इथे फाइलच नसते. बायोसमधून पोर्ट बंद केले तरी पिना चिपला जोडलेल्याच राहतात.

असा हल्ला झालाच तर ते उपकरण ‘काय आहे ते पाहू’ म्हणून दुसऱ्या संगणकात मुळीच लावू नये. ते उघड्या हाताने न धरता बाजूला ठेवावे, सीसीटीव्हीचे चित्रण जपावे आणि पोलिसांकडून पंचनामा करून घ्यावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणकाला हानी पोचवल्याबद्दल भरपाईची तरतूद आहे. तेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केले असल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मदरबोर्ड गेला तरी हार्ड डिस्क बऱ्याचदा शाबूत असते. म्हणून यंत्र भंगारात देण्याआधी ती काढून दुसऱ्या संगणकावर तपासावी.